माझी पोलीस पडताळणी झाली, इमारतीची कोण करणार?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: भाड्याने राहणाऱ्या माणसाला आगीपासून वाचायचं असेल तर त्याने नेमकं कुणाच्या पाया पडायचं, याबाबत.

सन्माननीय महोदय,

सविनय नमस्कार. आपण कामाच्या गडबडीत असता याची कल्पना आहे, तरी पाच मिनिटं द्यावीत ही विनंती.

गेल्या महिन्यात आमच्या बारा मजली इमारतीच्या मीटर रूममध्ये पहाटे शॉर्टसर्किट झालं. आग तळमजल्यावरच विझली, पण धूर विजेच्या डक्टमधून चढत नवव्या मजल्यावर आमच्या घरात शिरला. माझ्या सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांना आयसीयूत ठेवावं लागलं. त्याच सकाळी अग्निशमन विभागाचे एक साहेब आले आणि आठवड्याभरात तपासणी करून सोसायटीला नोटीस काढतो, असं खाली जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले. काल विचारायला गेले, तर तपासणी 'झाली' म्हणे. कधी झाली, काय निघालं, ते मला सांगता येत नाही. का? तर मी भाडेकरू.

म्हणून मग मी कायदाच वाचला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. नाव वाचतानाच दम लागतो. त्यातलं कलम 3 म्हणतं की आगीपासून बचावाची यंत्रणा बसवणं आणि ती चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी. लायसन्सधारक एजन्सीकडून तपासून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, अग्निशमन विभागाला द्यायचा. आणि भोगवटादार म्हणजे कोण, ते बघायला गेलं तर त्यात भाडं देणारा आला, लिव्ह अँड लायसन्सवाला आला, फुकट राहणारासुद्धा आला. म्हणजे मी आले. कायदा मोडला तर तुरुंगवासाची तरतूद आहे, ती मलाही लागू. पण तो फॉर्म बी बघायचा म्हटलं तर मी कोण? त्रयस्थ!

ही माझ्या मनातली गोष्ट नाही. गेल्या वर्षी जिन्यातल्या आग विझवायच्या सिलिंडरवरची रिफिलची तारीख उलटलेली दिसली, तेव्हा सेक्रेटरींना विचारलं. "भाडेकरूंनी मालकामार्फत बोलावं." मालक कतारला. ते फोनवर म्हणाले, "ताई, फ्लॅट माझा, जिना सोसायटीचा." सोसायटीच्या मते यंत्रणा बिल्डरची, आणि बिल्डर कुठे आहे ते बँकांनाही ठाऊक नाही. महापालिकेत गेले तर सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज आणा. माहिती अधिकारात अर्ज टाकला तर 'त्रयस्थ पक्षाची माहिती' म्हणून नकार. देवळातल्या घंटेसारखी झाले होते, येईल तो वाजवून पुढे जात होता.

त्या पहाटे काय झालं तेही ऐका. शेजारच्या मुलाने मजल्यावरची होज रीलची पेटी उघडली. पाइप होता, टोकाला नोझल नव्हतं. पितळेचं असतं ते, भंगारात चांगला भाव येतो. तिथे दुधाची पिशवी रबर लावून बांधली होती. खालचा व्हॉल्व्ह दरवर्षी लाल रंगाने रंगवून रंगवून इतका घट्ट झाला होता की दोन जणांना चाक फिरवता येईना. रंग मात्र झकास! पंपाचा स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर टाकलेला, आणि पंपरूमची किल्ली असलेला वॉचमन गावी. रेफ्यूज एरियात, म्हणजे आग लागली तर जमायच्या मोकळ्या जागेत, गणपतीच्या मांडवाचे बांबू. बंब गेटबाहेर उभा, कारण आत दोन्ही बाजूंना गाड्या. आम्ही ओले टॉवेल दाराच्या फटीत कोंबून खिडकीत बसून राहिलो, आणि सासूबाई मला विचारत होत्या, "अगं, गॅस बंद केलास ना?"

हॉस्पिटलचं बिल लाखाच्या घरात गेलं. विम्यावाल्यांनी निम्म्याला कात्री लावली. माझी रजा बिनपगारी झाली. सासूबाई अजून जिना चढताना धापा टाकतात, आणि लिफ्टमध्ये बसायला तयार नाहीत. सोसायटीने विचारपूस केली, नाही असं नाही. आगीनंतरच्या रंगकामाची वर्गणी मागायला आले होते, तेव्हा केली.

आता जरा तुमच्या व्यवस्थेचं कौतुक करू द्या. भाड्याने घर घेताना माझा आधार, पॅन, अंगठ्याचा ठसा, फोटो, दोन साक्षीदार, सगळं झालं. करार नोंदवला, पोलीस पडताळणी झाली. मी दहशतवादी नाही याची सरकारने खात्री करून घेतली. स्वतः राहत नाही म्हणून मालक सोसायटीला भोगवटेतर शुल्क देतो आणि माझ्याकडून वसूल करतो. पण मी ज्या इमारतीत झोपणार आहे ती पेटली तर विझेल का, हे त्या अख्ख्या करारात एका ओळीत नाही. आमच्याकडे 48 फ्लॅट, त्यातले वीस-बावीस भाड्याचे. मोठ्या शहरांत तिसरा हिस्सा तरी लोक भाड्यानेच राहत असतील. नसतील तर खरा आकडा तुमच्या खात्यानेच सांगावा.

आणि नोटीस निघाली तरी काय होतं? नोटीस पाळली नाही तर इमारतीचं वीज-पाणी तोडता येतं. वा! आग विझवायला पाणी नाही, म्हणून प्यायचंही बंद.

दरवेळी हेच. डिसेंबर 2017, मुंबईच्या कमला मिलमधली आग, 14 गेले. ऑडिटचे आदेश. जानेवारी 2021, भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, दहा तान्ही बाळं. पुन्हा ऑडिटचे आदेश. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरार, नोव्हेंबरमध्ये नगर, तेही दवाखानेच. ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावची झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत. आग लागली खालच्या पार्किंगमध्ये आणि माणसं गेली वरच्या मजल्यांवर, सात की आठ. आमच्या इमारतीत तेच होता होता राहिलं. तुम्ही तरी आम्हाला काय सांगणार म्हणा! 21 जून 2012 ला मंत्रालयच पेटलं होतं, चौथ्या मजल्यावरून आग वर चढत गेली. ज्यांना स्वतःचे जिने सांभाळता आले नाहीत त्यांनी माझ्या जिन्याचं ऑडिट करायचं. बिचारे जवान मात्र दरवेळी आत शिरतात. 2015 ला काळबादेवीच्या आगीत अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, त्यात प्रमुखही होते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार टेबलामागच्या माणसांबद्दल आहे.

फॉर्म बी नसेल तर लिव्ह अँड लायसन्सची नोंदणीच होऊ देऊ नका. तो गेटवर लावायला लावा, एजन्सीच्या नावासकट, म्हणजे खोटी सही कुणाची ते तरी कळेल. आणि भाडेकरूची तक्रार भाडेकरूच्या नावाने घ्या. या तीन गोष्टींना निधी लागत नाही, टेंडर लागत नाही. कदाचित म्हणूनच होत नसतील.

आणि कृपा करून या पत्रावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे' असा शिक्का मारून ते आमच्या महापालिकेकडे पाठवू नका. ते टेबल मी पाहिलं आहे.

आपली,
एक भोगवटादार
(कलम 3 नुसार जबाबदार)