कद्दिश कोण म्हणणार?

ती. आई-बाबा,
शालोम.

बाबा, माझ्या गे असण्यावर तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "तुझ्यामागे कद्दिश कोण म्हणणार?" म्हणजे मूलच नाही, तर मेल्यावर माझ्यासाठी ती प्रार्थना कोण करणार, असंच ना? तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहितोय.

इथे न्यूयॉर्कमध्ये मी ज्या मशिदीत (आपण सिनेगॉगला मशीदच म्हणतो ना!) जातो, ती 1973 मध्ये माझ्यासारख्याच ज्यूंनी सुरू केली, तीही एका चर्चच्या जागेत. बेथ सिम्खात तोरा तिचं नाव. एड्सच्या काळात तिथली कितीतरी माणसं ऐन तारुण्यात गेली. मूलबाळ नसलेल्यांसाठी शेजारी बसणारे कद्दिशला उभे राहिले. आजही राहतात, बाबा. मीही राहतो.

पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवू नये हे लेवीयमधलं वचन आहेच, मी ते पान फाडलेलं नाही. पण यशयाचा 56 वा अध्याय काढा. षंढाने स्वतःला वठलेलं झाड म्हणू नये, देव त्याला आपल्या घरात मुलामुलींहून मोठं, कधीही न पुसणारं नाव देईल, असं तिथे आहे. यरुशलेमच्या याद वाशेमचं, नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मारकाचं, नाव याच ओळीतलं. वंशाची काळजी देवाला तुमच्याइतकी दिसत नाही!

आई, तू हसशील, पण तालमुदात, आपल्या त्या जुन्या धर्मग्रंथात, रब्बी (धर्मगुरू) अम्मी म्हणतात की अब्राहाम आणि सारा 'तुमतुम' होते, म्हणजे बाई की पुरुष हे न कळणारे. मी तसा नाही. पण ज्यांच्यापासून आपण सुरू झालो, त्यांच्याबद्दल रब्बी हे बिनदिक्कत बोलतात.

आणि आपल्यावर शंका घेणारे काय नवीन आहेत? इस्रायलमध्ये रब्बींनी आपल्या बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यूंची, लग्नं लावताना पूर्वजांची चौकशी मांडली होती. 1964 मध्ये आपल्या लोकांनी यरुशलेमात आंदोलन केलं, तेव्हा कुठे आपण पूर्ण ज्यू असल्याचं तिथल्या संसदेने, कनेसेटने, जाहीर केलं. आजोबा त्यावरून किती चिडायचे! "कोकणात शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवला, तो काय उगीच?"

शब्बाथला मी काळ्या मनुकांचं शरबत करतो. रात्रभर भिजवून, कुस्करून, मलमलीतून गाळून, आई, तुझ्याच पद्धतीने. त्यावरचा किद्दुशचा आशीर्वाद 'तो' म्हणतो. उच्चार अगदीच अमेरिकन.

पेसाहचा सण झाला की आम्ही दोघं ठाण्याला येतोय. संदेष्ट्या एलियाहू हन्नाबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करायचा राहिलाय, तो तेव्हा करू. बाबा, प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांना तुम्हीच सांगा. त्याला काजू चालत नाहीत, मलिद्यात घालू नका.

तुमचा,
बाळू