इंफाळच्या डकोटांवर नॉर्मंडीचे पट्टे नकोत

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला फ्लाइट सिम्युलेटरच्या, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या छंदावरचा लेख वाचला. दुसऱ्या महायुद्धातली कॅनडाची विमाने हुबेहूब उभी करणाऱ्या ॲड-ऑनचा (सिम्युलेटरला जोडायच्या विमानांचा) त्यात उल्लेख आहे, पण उदाहरणे आली ती लँकेस्टर आणि मॉस्किटो या बॉम्बफेकी विमानांची, म्हणजे युरोपच्या आकाशातली. याच कॅनडाची डकोटा ही मालवाहू विमाने इंफाळहून उडत होती आणि त्यांनी टाकलेल्या धान्यावर ब्रह्मदेशात आपले जवान लढत होते, याचा मागमूसही त्यात नाही. दोष लेखकाचा नाही. हा सगळा छंदच तिकडे झुकलेला आहे, म्हणून हे पत्र.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा कारागीर होतो. नोकरीतली बरीच वर्षे डकोटावर गेली. सध्या मुलाकडे कॅनडात, मिसिसागाला असतो. माल्टन हा याच शहराचा भाग. युद्धकाळात तिथल्या व्हिक्टरी एअरक्राफ्टच्या कारखान्यात ४३० लँकेस्टर बांधली गेली. आज जगात उडू शकणारी लँकेस्टर दोनच उरली आहेत. त्यातले एक इथून जवळच, हॅमिल्टनच्या संग्रहालयात आहे आणि ते माल्टनचेच. त्यावर कॅनडाचा हवाई सैनिक अँड्र्यू मिनार्स्की याच्या विमानाची अक्षरे रंगवली आहेत. जून १९४४ मध्ये फ्रान्सवर त्याच्या विमानाला आग लागली. उडी टाकायची सोडून तो शेपटाच्या टरेटमध्ये (बंदुकीच्या फिरत्या घुमटात) अडकलेल्या सोबत्याकडे आगीतून रांगत गेला. कुऱ्हाडीने टरेट हलवायचा प्रयत्न केला, तो हलला नाही. शेवटी अंगावरचे कपडे पेटलेले असताना त्याने उडी घेतली आणि तो गेला. अडकलेला सोबती मात्र विमान कोसळूनही वाचला. मिनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नातवाच्या सिम्युलेटरवरच्या लँकेस्टरमध्ये विमानाच्या आतून शेपटापर्यंत जाता येते. ती अंधारी, अरुंद वाट एकदा पाहिली की त्या रात्री त्याने काय केले ते नीट उमगते. चांगल्या ॲड-ऑनची किंमत मी यावरून करतो. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये कॅनडाची सुमारे दहा हजार माणसे गेली आणि त्यांच्या बॉम्बखाली जर्मनीतली शहरे जळाली. तेही या विमानात बसणाऱ्या मुलाला सांगितले पाहिजे. मी नातवाला सांगतो.

उलट उदाहरणही देतो. नातवाने फुकट मिळालेले एक मॉस्किटो उतरवून घेतले होते. त्याच्या सबंध अंगावर रिव्हेटच्या, म्हणजे धातूचे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या ओळी! मॉस्किटोचे धड लाकडाचे. बर्चच्या प्लायवुडचे दोन थर आणि मध्ये हलके बाल्सा. धडाचे डावे आणि उजवे असे दोन अर्धे साच्यांवर घडवायचे, ते उघडे असतानाच आत केबली आणि वायरिंग बसवायचे, मग दोन्ही चिकटवून वरून कापड ताणायचे. टोरांटोजवळच्या डाउन्सव्ह्यूला अशी हजाराहून जास्त मॉस्किटो झाली. त्या धडावर रिव्हेट मारायचे तरी कशात? ज्याने ते चित्र रंगवले त्याने विमान कसे बनते हे समजून घेतले नव्हते, आणि पोरे तेच खरे धरतात.

आता डकोटा. नातवाच्या सिम्युलेटरवर आजवर आलेल्या युद्धकाळातल्या जवळजवळ प्रत्येक डकोटाच्या पंखांवर काळे-पांढरे पट्टे आहेत. ते फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या चढाईच्या वेळी ओळखीसाठी रंगवलेले. १९४४ च्या उत्तरार्धात कॅनडाच्या हवाई दलाच्या ४३५ आणि ४३६ या दोन स्क्वाड्रन गुजरातला उभ्या राहिल्या. हे गुजरात पंजाबातले, आज पाकिस्तानात आहे. तिथून त्या इंफाळच्या खोऱ्यात तुलिहाल आणि कांगला इथे आल्या आणि ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याला रसद टाकू लागल्या. त्या सैन्यात बहुसंख्य जवान भारतीय होते. या विमानांवर पट्टे कुठले असणार? तिथल्या विमानांवरच्या गोल खुणेतला मधला लाल ठिपकासुद्धा काढून टाकला होता, कारण घाईत तो जपानी सूर्य वाटून आपलेच लोक गोळ्या घालतील अशी भीती होती. निळ्यात फिकट निळा, एवढीच खूण. रंग बदलायला किती वेळ लागतो? पण ते कुणी करत नाही.

आणि रंग ही तर वरवरची गोष्ट झाली. रसद टाकणाऱ्या डकोटाचे डावीकडचे मागचे दार काढून ठेवलेले असे. तांदळाची पोती पॅराशूटशिवाय तशीच टाकायची, म्हणून पोत्यात पोते घालून बांधायची, म्हणजे आतले फाटले तरी बाहेरचे धान्य धरून ठेवते. विमान डोंगरांच्या कुशीत खाली उतरवायचे, वेग कमी करायचा आणि त्याच जागेवर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायच्या. माणसे दाराशी बसून पायाने पोती ढकलत. प्रत्येक वेळी मागचे वजन गेले की विमानाचा तोल बदलतो आणि पायलटला तो ट्रिमने सावरावा लागतो. सिम्युलेटरला वजनाचे गणित चांगले जमते. तरी दार काढलेले, पोत्यांनी भरलेले, एकेक पोते कमी होत जाणारे डकोटा नातवाला आजवर मिळालेले नाही. जमिनीवरचेही तसेच. इंजिन बराच वेळ बंद असेल तर खालच्या सिलिंडरमध्ये तेल उतरते. आम्ही स्टार्टच्या आधी हाताने प्रोपेलर फिरवून घ्यायचो. ते न करता बटण दाबले तर इंजिनाचे मोठे नुकसान होऊ शकते. ज्या ॲड-ऑनमध्ये एवढे असेल, त्याला मी पैसे मोजायला तयार आहे.

दुसरे विमान कॅटलिना, पाण्यावर उतरणारे टेहळणीचे विमान. ४ एप्रिल १९४२ रोजी कॅनडाच्या ४१३ स्क्वाड्रनचे एक कॅटलिना सिलोनच्या कोग्गलाहून दिवसभराच्या टेहळणीवर गेले होते. परतीची वेळ झाली तेव्हा लेनर्ड बर्चलला क्षितिजावर जहाजे दिसली. तो जवळ गेला. ते जपानचे विमानवाहू नौकांचे आरमार होते. जपानी लढाऊ विमानांनी त्याला पाडले, पण त्याआधी बिनतारी संदेश निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा बेट सावध होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विशाखापट्टणमवर आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. बर्चलच्या विमानातल्या नऊ जणांपैकी तिघे मेले. बर्चल युद्ध संपेपर्यंत जपान्यांच्या कैदेत राहिला. तासन् तास रिकाम्या समुद्रावर उडण्याची ही फेरी सिम्युलेटरवर कुणाला नको असते. मला वाटते, नेमकी तीच एकदा तरी पूर्ण उडावी.

कॅनडा हे विसरलेला नाही. ४३६ स्क्वाड्रन आज ट्रेंटनहून हर्क्युलिस ही मालवाहू विमाने उडवते आणि तिच्या चिन्हावर हत्ती आहे. ४१३ च्या चिन्हावरही हत्तीच, ४३५ च्या चिन्हावर ब्रह्मदेशातल्या देवळापुढचा सिंह. आपण मात्र यातले काही शाळेतही सांगत नाही.

तुलिहालचा तळ म्हणजे आजचा इंफाळचा विमानतळ. सिम्युलेटरमध्ये तो आहेच. त्यावर जुनी धावपट्टी, तंबू आणि पोत्यांच्या थप्प्या उभ्या करणे थ्री-डी मॉडेलिंग शिकलेल्या मुलांना अवघड नाही, आणि अशी मुले पुण्या-नाशकात भरपूर आहेत. हे काम परदेशातल्या कुणीतरी करण्याची वाट का पाहायची? माहिती देणारे आम्ही अजून आहोत. हवाई दलात डकोटावर काम केलेले पायलट, लोडमास्टर, इंजिन फिटर महाराष्ट्रात गावोगावी सापडतील. वयामुळे त्यांच्याकडे फार वेळ नाही. त्यांच्या पेटीतले फोटो आणि कामाच्या वह्या स्कॅन होऊन या मुलांच्या हाती पडल्या पाहिजेत.

आपल्या पत्राने असे आवाहन एका चौकटीत छापावे ही विनंती. माझ्याकडच्या मालवाहू दाराच्या बिजागऱ्या, जमिनीवरची माल बांधायची कडी आणि शेपटाच्या चाकाचे कुलूप यांची हाताने काढलेली चित्रे नातवाने स्कॅन करून ठेवली आहेत. जो कोणी काम हाती घेईल त्याला ती आपल्यामार्फत लगेच पाठवतो.

आपला,
एक निवृत्त एअरफ्रेम फिटर
ओझर (जि. नाशिक), सध्या मिसिसागा, कॅनडा