पातेलं घेऊन आलेल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगलीला परत गेलात त्याला बरेच दिवस झाले. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि पावसापाण्याचं विचारता. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. इथे तुम्हाला मधेच विषय बदलता येणार नाही.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. मुलगी कॉलेजला गेली, तिथल्या हॉस्टेलवर साप चालत नाही, त्यामुळे तिचा बॉल पायथन माझ्या गळ्यात पडला. मूळचा घाना-टोगो-बेनिनकडचा, बिनविषारी, अजगरांमधला बुटका भाऊ. घाबरला की डोकं मधे घालून गोल गुंडाळी करून बसतो, म्हणून लेकीने नाव ठेवलं लाडू. या लाडूला जिवंत उंदराशिवाय काही चालत नसे. मी जन्माची शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नाही. दुकानातून पुठ्ठ्याच्या खोक्यात पांढरा उंदीर घेऊन यायचा, वाटेत तो खोक्याचा कोपरा कुरतडायचा आणि मी गाडीतल्या गाण्यांचा आवाज वाढवायचे. लोकांना वाटतं, साप म्हणजे एका झटक्यात सगळं आटोपणार. सापाला भूक नसेल तर कोंडलेला उंदीर सापालाच खायला उठतो. आमच्या लाडूच्या ओठाचा लचका त्यातल्याच एकाने तोडला. त्यानंतर जिवंत उंदीर घरात आणायचा नाही असं मी ठरवलं. गोठवलेले उंदीर पाकिटात मिळतात, ते आणले. लाडूने हुंगलं आणि पाठ फिरवली. असं कित्येक आठवडे चाललं.

या काळात मला किती सल्ले मिळाले म्हणून सांगू! दुकानातला पोरगा म्हणाला, "साप आहे, उपाशी मरत नाही, जिवंतच देत राहा." अर्थात, जिवंत उंदीर तोच विकतो. एका दवाखान्यात भरपूर पैसे घेऊन त्याचं वजन केलं आणि नळीने भरवायचं म्हणाले. ओठाच्या जखमेबद्दल मी विचारलं तेव्हा डॉक्टर घड्याळ बघत होते. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर काय, महादेवाच्या गळ्यातल्या नागापासून नागपंचमीच्या दुधापर्यंत सगळे विनोद झाले. एका सद्गृहस्थांनी मनापासून सुचवलं की तळ्याकाठी सोडून द्या. मिशिगनच्या थंडीत! आणि जिथे थंडी नाही त्या फ्लोरिडात अशाच पाळलेल्या, सुटलेल्या-सोडलेल्या बर्मी अजगरांनी एव्हरग्लेड्सच्या दलदलीत काय करून ठेवलंय ते सगळ्यांना माहीत आहे. पण सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत.

मग गणपतीत तुम्ही भेटलात. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले, आरतीनंतर खुर्च्या आवरू लागणारे. तुमच्या सूनबाईंनी ओळख करून दिली, "बाबा सर्पमित्र आहेत." नाग, घोणस, मण्यार, फुरसं, चारही विहिरीतून आणि गोठ्यातून काढलेला माणूस. मी बिचकतच लाडूचं सांगितलं. तुम्ही स्पष्ट म्हणालात, "ताई, घरात साप ठेवणं मला पटत नाही. आपल्याकडं तर आपला साप घरात ठेवला की गुन्हा आहे, 1972 चा कायदा आहे." मला वाटलं, झालं, आता प्रवचन. तर पुढचं वाक्य होतं, "उद्या संध्याकाळी येऊ का?"

आलात ते हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीतून एक जुनं स्टीलचं पातेलं काढलंत आणि म्हणालात, "उंदीर कोमट पाण्यात गरम करावा लागेल. तुमच्या घरातलं भांडं नको, म्हणून आमच्याकडचं आणलंय. ते इथंच राहू दे." त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलं होतं: लाडूचे.

काका, खरं सांगायचं तर लाडू पुढे जेवला नसता तरी मी हे पत्र लिहिलं असतं. तोवर मी बाथरूममध्ये प्लास्टिकच्या मगात ते सोपस्कार करत होते आणि नंतर साबणाने हात घासत बसत होते. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर "साप पाळायचा आणि वर सोवळं" हे ऐकावं लागलं असतं. तुम्हाला न सांगता कळलं. गणपतीच्या प्रसादाच्या पंगतीत मी काय खाते, काय बाजूला ठेवते, एवढ्यावरून तुम्ही ओळखलं असणार.

पुढचं सगळं तुमच्या शांतपणाने झालं. तुम्ही आधी उंदराकडे बघितलंच नाहीत, लाडूच्या काचेच्या पेटीकडे बघत बसलात. "ताई, हा हट्टी न्हाई, हा घाबरलाय." टीव्हीशेजारी, चारही बाजूंनी उघडी काच. तीन बाजूंना जाड कागद लावायला लावलात, पेटी आतल्या खोलीत हलवलीत, लपायला उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक अशी दोन खोकी ठेवलीत. उबदार बाजूचा पारा 32 अंशांवर आहे का ते स्वतः तपासलंत. आणि आठवडाभर त्याला हात लावायचा नाही म्हणालात. गोठवलेला उंदीर तुम्हीही पहिल्यांदाच बघत होतात, ते तुम्ही लपवलं नाहीत. "जखमी अजगराला मेलेला उंदीर चारलाय, बर्फातला न्हाई. पण साप सगळीकडं सापच." मधली पायरीही तुमचीच: आधी काही वेळा दुकानातून ताजा मारलेला, मग हळूहळू पाकिटातला.

पाकिटातल्याची ती पहिली रात्र मी विसरणार नाही. उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, डब्यात डबा घालून वितळवलेला. (फ्रीजमधला तो कप्पा तेव्हापासून लाडूचा.) मग पिशवीत घालून तुमच्या पातेल्यातल्या कोमट पाण्यात. बाहेर काढून टिपून कोरडा केलात आणि बाळाच्या बाटलीतलं दूध बघतात तसं त्याचं डोकं मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघितलंत. पुन्हा पाण्यात, पुन्हा मनगट. लाडूच्या वरच्या ओठावर खाचांची ओळ आहे, त्यातून त्याला ऊब कळते; थंड उंदीर त्याच्या लेखी दगड, हे तुम्ही मला हळू आवाजात सांगत होतात. दिवा मंद. लांब चिमट्यात उंदीर धरून तुम्ही तो भिंतीकडेने चालल्यासारखा जरासा हलवलात. लाडूची जीभ आधी सावकाश, मग भराभर आत-बाहेर व्हायला लागली, मान इंग्रजी एससारखी मागे आली, आणि फट्! मेलेल्या उंदराला त्याने दोन वेटोळे घालून असा काही आवळला की जणू तो पळून जाणार होता. मी ओरडणार होते, तुम्ही बोट ओठांवर ठेवलंत. डोकं शोधायला त्याने कितीतरी वेळ घेतला. मग एक जबडा पुढे, दुसरा जबडा पुढे, असं करत शेवटी नुसती शेपटी राहिली.

मला तेव्हापासून एक सारखं वाटतं. आपल्याला पटतं त्यात मदत करणारे पुष्कळ असतात, ग्रुपवर तर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडतो. न पटणाऱ्या गोष्टीत, समोरच्याला जराही खाली न बघायला लावता मदत करणारे मला आयुष्यात फार भेटले नाहीत. तुमचं मत तुम्ही एकदा सांगितलंत आणि नंतर ते कधी टोमण्यातूनही आलं नाही. जाताना लेकीशी फोनवर बोललात तेव्हासुद्धा तिला एवढंच म्हणालात की हा प्राणी वीस-तीस वर्षं जगतो, नोकरी शोधताना घर बघून घे. मी तिला नंतर सांगितलं की सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात 2020 साली एका बॉल पायथनने बासष्टी उलटल्यावर अंडी घातली, तीही वर्षानुवर्षं नराशिवाय. ती म्हणाली, "आई, मला घाबरवू नकोस."

तुमच्या सूनबाईंकडे नवं पातेलं पोचवलंय, जुनं परत मागू नका. लाडूचं वजन परवा केलं, 1,480 ग्रॅम भरलं. ओठ भरून आला, आता नीट बघितल्याशिवाय खूण दिसतही नाही. लेक म्हणते तो जरा सुटलाय. तर काका, आता एवढा मोठा झाल्यावर दर आठवड्याऐवजी दोन आठवड्यांनी एक दिला तर चालेल ना? सवड झाली की कळवा. काकूंना नमस्कार.

तुमची,
लाडूची आजी