पाळी कामगारांची झोप नीट मोजा

महोदय,

आमच्या कारखान्यातील वार्षिक तपासणीत ‘झोप किती तास?’ एवढाच प्रश्न असतो. तीन पाळ्यांत फिरणाऱ्याने त्याचे उत्तर काय द्यावे? रात्रपाळीनंतर खिडकीला चादर लावून मी आठला झोपतो आणि साडेअकराला शेजारच्या कुकरच्या शिट्टीने जागा होतो. सकाळपाळीला पहाटे साडेचारचाच गजर.

म्युनिकच्या संशोधकांनी पाळी कामगारांसाठी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत प्रत्येक पाळीतील आणि तिच्यानंतरच्या सुटीतील झोप वेगवेगळी विचारली जाते, आणि दुपारपाळीनंतरच्या सुटीतील झोपेच्या मध्यावरून, म्हणजे झोप लागणे आणि जाग येणे यांच्या बरोबर मधल्या वेळेवरून, साचलेली अपुरी झोप भरून काढायला घेतलेल्या जादा झोपेचा हिशेब वजा करून, माणूस मुळात पहाटे उठणारा की रात्री जागणारा हे ठरवतात. पाळ्या लावण्यापूर्वी आम्हाला निदान एवढे तरी विचारावे, ही कळकळीची विनंती.

– एक पाळी कामगार, चाकण