गोबरगॅसच्या टाकीत राबणारे जीव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बंद पडलेल्या गोबरगॅस संयंत्रांवरची आपली बातमी वाचली. अनुदानाचा घोळ, तडे गेलेले डोम, घरपोच सिलिंडर ही कारणे खरीच. पण टाकीत गॅस तयार कोण करते, याचा त्यात अवाक्षरानेही उल्लेख नाही.

या गॅसमधला जळणारा भाग म्हणजे मिथेन, आणि तो बनवतात ते आर्किया नावाचे सूक्ष्मजीव. सूक्ष्मदर्शकाखाली बॅक्टेरियासारखेच दिसतात, पण कूळ वेगळे, हे कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये दाखवले. उकळत्या झऱ्यांपासून मिठागरांपर्यंत त्यांचा संसार आहे. २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेही खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या आर्कियांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले होते. आपल्या म्हशीच्या पोटातही ते असतातच. म्हणून तर नवी टाकी नुसत्या शेणावर सुरू होते, वेगळे विरजण लागत नाही.

टाकीत आधी बॅक्टेरिया शेण कुजवून आम्ले आणि हायड्रोजन तयार करतात. त्यांवर जगून आर्किया मिथेन सोडतात. बॅक्टेरिया चपळ, आर्किया संथ. लग्नाचा उरलेला भात आणि जिलेबीचा पाक एकदम ओतला की आम्ल साचते, सामू (आम्लता दाखवणारा पीएच) घसरतो आणि मिथेन बंद. शेगडी भुरभुरते, ज्योत धरत नाही. मग घरातले काय करतात? आणखी शेण घालतात! खरे तर अशा वेळी काही दिवस भरणा थांबवायला हवा. फिनेल टाकून गोठा धुतलेले पाणी टाकीत जाऊ देऊ नये. पेनिसिलीनचे इंजेक्शन दिलेल्या जनावराचे शेणही काही दिवस बाजूला ठेवावे. पेनिसिलीन ज्या पेशीभित्तिकेवर घाव घालते ती आर्कियांना नसते, त्यामुळे ते बचावतात. पण बॅक्टेरिया थंडावले तर यांना खाऊ कोण घालणार? पौषातल्या थंडीत गॅस कमी येतो, त्यात मात्र बिघाड काही नसतो.

यातले एक अक्षरही संयंत्र देताना कोणी सांगत नाही. टाकी बांधून झाली, फोटो काढला, अनुदान जमा झाले, विषय संपला. आमच्या तासगाव भागातला द्राक्षबागायतदार फवारणीच्या पाण्याचा सामू पट्टीने तपासूनच औषध कालवतो. तीच पट्टी त्याने महिन्यातून एकदा टाकीतल्या स्लरीत, म्हणजे शेणकाल्यात बुडवावी, एवढे शिकवायला कृषी सहायकाला अर्धा तासही पुरेल. अनुदानाच्या अटींत हा अर्धा तास घालावा, अशी मागणी आपल्या वृत्तपत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. तासगाव, जि. सांगली