आयात बीला तिच्या देशाचं नाव द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काजूचा हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते: परदेशी बीमुळे स्थानिक काजूचे दर पडले. बातमी खोटी नाही. माझी स्वतःची साडेचार एकर बाग आहे. दर पडला की त्याची झळ मलाही बसते. पण ‘परदेशी बी’ म्हणजे कुठली, ती कोण वेचतं, हे त्या बातमीत कधीच नसतं. म्हणून हे पत्र.

बागेबरोबर माझा काजू फोडायचा लहानसा कारखाना आहे. बावीस बायका कामाला आहेत. आपल्याकडची बी पावसाच्या तोंडाशी संपते. त्यानंतर बॉयलर पेटता ठेवायचा, बायकांना चार महिने घरी बसवायचं नाही, तर मंगळूरहून पोती आणण्याला पर्याय नाही. त्यातली गिनी-बिसाऊची बी मी पहिली पसंत करतो. 80 किलोच्या पोत्यामागे 50 पौंडांच्या (सुमारे 23 किलोंच्या) वर गर मिळतो. आमच्याकडच्या जुन्या कटिंगवाल्या नुसती मूठ भरून सांगतात, ‘ही बिसावची हा.’

गिनी-बिसाऊ हा पश्चिम आफ्रिकेतला समुद्रकाठचा देश, आपल्या कोकण विभागापेक्षा थोडाच मोठा. वस्ती 20 लाखांच्या आसपास. निर्यातीची 90 टक्क्यांहून जास्त कमाई एकट्या काजूवर, आणि त्यातली बहुतेक बी न फोडता, कच्चीच, भारताला आणि व्हिएतनामला जाते. फोडणी, सोलणी, प्रतवारी आणि त्यातली मजुरी सगळी देशाबाहेर. ज्यांच्याकडून मी बी घेतो त्यांचा माणूस दर हंगामात तिथे जातो. त्याने मोबाइलवर दाखवलेले फोटो पाहून मी गप्प झालो होतो. झाडाखाली वाकून बोंडू गोळा करणाऱ्या बायका, पाठीला बांधलेलं मूल, पिळून बी वेगळी केलेल्या बोंडवांचा ढीग. त्या रसाची ते दारू करतात. आमच्या आजीच्या परड्यातला फोटो म्हणून दाखवला असता तर मी मान डोलावली असती. झाडही एकच. पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून जसं गोव्यात आणलं, तसंच आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेलं.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. तिथले बालांता लोक खाडीकाठच्या खारफुटीत बांध घालून, भरतीचं खारं पाणी अडवून भात पिकवतात. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने चिखल उचलून हे बांध घालतात. त्या शेताला तिथे बोलान्या म्हणतात. आपण खाजण म्हणतो. आपली खाजणं जशी बांध फुटून पडीक पडली, तशी तिथेही बरीच पडली, कारण माणसं काजूकडे वळली. आता खायचा तांदूळ बाहेरून येतो आणि खेड्यात व्यापारी बीच्या बदल्यात तांदूळ देतो. बरं वर्ष असेल तर किलोला किलो. भाव पडला की तेवढ्याच तांदळाला जास्त बी मोजावी लागते. घरात तांदूळ संपलेला आणि तोंडावर पाऊस, अशा वेळी बी धरून ठेवणं कुणाला परवडतं? हे आपल्या शेतकऱ्याला मी समजावून सांगायला नको.

एकाच पिकावर देश टांगण्यातला धोका ओळखणारा माणूस त्याच मातीत जन्मला होता. अमिल्कार काब्राल शिक्षणाने कृषितज्ज्ञ. 1953 साली पोर्तुगीज सरकारसाठीच त्यांनी तिथली शेती-गणना केली, गावोगाव फिरून. तेव्हा निर्यातीचं मुख्य पीक काजू नव्हतं, भुईमूग होता, आणि त्याने जमिनीचं काय होतं हे त्यांनी लिहून ठेवलं. पुढे 1956 मध्ये त्यांनी पोर्तुगीज राजवटीविरुद्ध पक्ष काढला. 3 ऑगस्ट 1959 ला राजधानी बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर पगारवाढीसाठी संप केलेल्या गोदी कामगारांवर गोळीबार झाला, कित्येक मेले, आणि 1963 पासून सशस्त्र लढा सुरू झाला. लोक कुणाच्या डोक्यातल्या कल्पनांसाठी लढत नाहीत, बरं जगता यावं म्हणून लढतात, हे ते कार्यकर्त्यांना बजावत. जानेवारी 1973 मध्ये त्यांचा खून झाला. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला त्यांच्या पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं. ते पाहायला ते नव्हते.

गोव्याशीही या लढ्याचं नातं आहे, आणि ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. एप्रिल 1961 मध्ये कॅसाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींमधल्या संघटना एकत्र आल्या, त्यांत गोव्याचेही प्रतिनिधी होते. बार्देशचे आकिनो द ब्रागांसा हे त्या आघाडीतलं एक महत्त्वाचं नाव. त्याच डिसेंबरात गोवा मुक्त झाला. बिसाऊला आणखी बारा-तेरा वर्षं लागली.

नंतरची हकिकत सुखाची नाही. 1980 पासून लष्कराची बंडं, 1998-99 चं यादवी युद्ध, नोव्हेंबर 2025 मध्ये पुन्हा लष्कराच्या हाती सत्ता. बंड झालं की आपण दोन ओळी छापता, तेवढाच तो देश आपल्या वाचकांना माहीत.

आता मागणी. दोन वर्षांपूर्वी मी पाकिटावर ‘बी : गिनी-बिसाऊ, प्रक्रिया : वेंगुर्ले’ असं छापून घेतलं. महामार्गावरच्या एका दुकानदाराने सगळी पाकिटं परत पाठवली. ‘कोकणचा काजू’ लिहा, पर्यटक तेच मागतात, म्हणाला. मी लिहिलं नाही, गिऱ्हाईक गेलं. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे. बाहेरची बी त्या नावाखाली विकली, की आपल्या बागायतदाराचा भाव जातो आणि तिकडच्या बाईच्या कष्टाचं नावही पुसलं जातं. बी कुठल्या देशाची, हे पाकिटावर ठळक छापणं सक्तीचं व्हावं. आपण त्यासाठी पाठपुरावा करावा.

आणि एक काम तर आपल्याच हातात आहे. तिथलं सरकार दर हंगामाच्या सुरुवातीला शेतकऱ्यासाठी बीचा दर जाहीर करतं. आपल्या बाजारभावाच्या चौकटीत सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्गच्या खाली एक ओळ बिसाऊचीही द्या.

आपला,
एक काजू बागायतदार व कारखानदार
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग