परदेशी नोकरीची खरी तयारी

महोदय,

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन हिंगणा एमआयडीसीत सहा वर्षे काम केलेला माझा मुलगा सध्या ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगार व्हिसाची तयारी करीत आहे. पॉइंट्सवर आधारलेल्या या व्हिसासाठी किमान 65 गुण आणि वय 45 च्या आत असावे लागते. पण अर्जाआधी कौशल्याची तपासणी होते आणि आमचे घोडे तिथेच अडले. कारखान्याने दिलेल्या अनुभवपत्रात ‘काम समाधानकारक’ एवढीच ओळ होती, तर तपासणी करणाऱ्यांना हुद्दा, रोजची कामे, आठवड्याचे तास व पगार हे सारे लेखी हवे असते. त्यात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, त्यामुळे प्रतिज्ञापत्राची धावपळ वेगळीच.

या गोंधळात सीताबर्डीतील एका सल्लागाराने ‘गॅरंटी’ म्हणून दोन लाख रुपये आगाऊ मागितले. (पावतीचा विषय काढताच साहेबांचा चहा संपला.) 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे परवाना असावा लागतो आणि त्याला उमेदवाराकडून 30,000 रुपये व जीएसटी यांहून अधिक शुल्क घेता येत नाही, हे किती पालकांना ठाऊक आहे? एजंटाची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या पाहता येते. ही माहिती आणि अनुभवपत्राचा नमुना नागपुरातील प्रत्येक आयटीआयच्या सूचनाफलकावर शेवटच्या सत्रापूर्वीच लावावा, अशी माझी विनंती आहे.

– एक पालक, मानेवाडा, नागपूर